छपरावर सोलर बसवण्याआधी वीजबिल वाचा

सोलर बसवायचं मनात आलं की बहुतेक लोक आधी गच्चीवर जातात. पावलांनी जागा मोजतात, ‘पाच किलोवॅट सहज बसेल’ म्हणतात आणि मग भाव विचारायला लागतात. साताऱ्याला माझ्या बहिणीकडे असंच झालं. गच्ची मोठी म्हणून पाच किलोवॅट बसवलं, घरातला वापर मात्र महिन्याला तीनशे युनिटच्या आत. तिथे तयार होणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज वर्षाअखेर पडत्या भावात वीज कंपनीला जाते आणि जादा पॅनेलसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता भरावाच लागतो. किती किलोवॅट बसवायचं, हे गच्ची नाही, वीजबिल सांगतं. म्हणून या लेखाची सुरुवात बिलापासून. मी आकडे महावितरणचे घेतले आहेत. मुंबईत टाटा, अदानी किंवा बेस्टचे ग्राहक असाल, किंवा गोव्यात राहत असाल, तर दर वेगळे असतील, हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

बारा महिन्यांची बिलं समोर घ्या

एका महिन्याच्या बिलावर काही ठरवू नका. मे महिन्यात एसी चालतो, जानेवारीत पंखाही बंद असतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, शिवाय ॲपवर जुनी बिलं मिळतात. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर ओळीने लिहा आणि सरासरी काढा.

आता दरांचे टप्पे बघा. घरगुती ग्राहकाला महावितरण ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे लावते. २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचा दर युनिटला ५.८८ रुपये होता, दुसऱ्याचा ११.४६, तिसऱ्याचा १५.७२ आणि त्यावरचा १७.८१. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर नंतर बदलले आहेत आणि पुढेही बदलतील, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घालूनच हिशेब करा. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटची किंमत जवळजवळ दुप्पट होते.

सोलर तुमच्या बिलातले युनिट वरून खाली कमी करतं. आधी महागडे युनिट जातात, मग स्वस्त. एक उदाहरण सोडवून बघू.

समजा महिन्याचा वापर २८० युनिट आहे. जुन्या, म्हणजे २०२४-२५ च्या दराने पहिल्या शंभर युनिटचे ५८८ रुपये, उरलेल्या १८० चे साधारण २,०६३. एक फेज जोडणीचा स्थिर आकार १२८. त्यावर १६ टक्के शुल्क धरलं की बिल सुमारे ३,२२० रुपये. महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. म्हणजे दोन किलोवॅटचे महिन्याला साधारण २४० युनिट. नेट मीटर, म्हणजे लाइनवरून घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज मोजणारा मीटर, बसल्यानंतर बिल होतं फक्त ४० युनिटचं, म्हणजे स्थिर आकार आणि शुल्कासह सुमारे ४२० रुपये. महिन्याला २,८०० रुपयांची बचत.

आता याच घरावर तिसरा किलोवॅट चढवला तर? तो आणखी १२० युनिट देईल, पण घराला फक्त ४० लागतात, तेही स्वस्त टप्प्यातले. त्यातून वाचतात महिन्याला २७० रुपये. उरलेले ८० युनिट वर्षाअखेर कमी भावात जातात. पहिल्या दोन किलोवॅटने महिन्याला २,८०० वाचवले आणि तिसऱ्याने २७०. पुढच्या दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर तिसरा किलोवॅट जरूर बसवा. तसा बेत नसेल तर विक्रेत्याने कितीही गळ घातली तरी दोनवर थांबा.

ज्यांचा वापर शंभर युनिटच्या आत आहे त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांची वीज मुळातच स्वस्त टप्प्यातली, त्यामुळे ९० युनिट वाचवले तरी महिन्याला सहाशेच्या आसपासच पदरात पडतात. अशा घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. केंद्राच्या ३०,००० च्या अनुदानावर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एक किलोवॅटसाठी राज्याकडून आणखी १७,५०० रुपये, आणि शंभर युनिटच्या आतल्या इतर ग्राहकांना १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीतल्या ग्राहकांना १५,०००. पन्नास हजारांच्या संचात दारिद्र्यरेषेखालच्या घराला अडीच हजारच भरावे लागतात. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे माहीत आहे का, एकदा विचारा. फॉर्म भरून द्यायला तासभर लागतो.

मग गच्चीवर जा, पण सावलीचा महिना ओळखून

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. ‘सावली न पडणारी’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे.

बहुतेक पाहणी उन्हाळ्यात होते, कारण तेव्हाच बिल डोळ्यात येतं. पण पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यास शून्य सावली दिवस असतो, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्या दिवसांत पाण्याच्या टाकीची सावली टाकीखालीच राहते आणि गच्ची अख्खी उन्हात दिसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो. पुण्यात त्या वेळी भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली तेव्हा दुपारी पावणेदोन मीटरपेक्षा जास्त पडते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून लांब. म्हणून दक्षिणेकडे काय उभं आहे ते आधी बघा: टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याची इमारत, नारळाचं झाड. शेजारी रिकामा प्लॉट असेल तर तिथे किती मजले होऊ शकतात याची चौकशी करा. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार आहेत.

पॅनेल एकामागोमाग एक अशी जोडलेली असतात. त्यामुळे एका पॅनेलवर सावली आली की त्या माळेतल्या सगळ्यांचं उत्पादन पडतं. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं छोटं यंत्र) लावण्याचा पर्याय आहे. खर्च वाढतो, पण सावलीच्या गच्चीवर तो वसूल होतो.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार १५ ते २० अंश, आपल्या अक्षांशांना हे जमतं. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असलं तर उत्पादन थोडं कमी मिळतं, फार नाही. उत्तरेकडे तोंड करू देऊ नका.

सांगाड्याबाबत कंजुषी करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत काय उडालं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा सांगाडा, स्लॅबला नीट बांधलेले पाय आणि प्रत्येक पायाभोवती पाणी मुरणार नाही असं भरलेलं काँक्रीट, हे करारात लिहून घ्या. समुद्राकाठी नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायच्या असतील तर सांगाडा सात-आठ फूट उंच करता येतो, मात्र उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो आणि लोखंडही जास्त लागतं. कौलारू घरावर थेट कौलांवर काही बसवू नका. आधी वासे तपासा, नाहीतर अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर जागा शोधा.

कागद नीट करा, अर्ज मग

अर्जाचं घोडं सर्वात जास्त अडतं ते नावावर. वीजजोडणी अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते, अर्ज मुलगा करतो आणि अनुदानाचं बँक खाते सुनेचं. बिलावरचं नाव, आधार आणि बँक खातं एकाच माणसाचं असायला हवं. नाव बदलायचं असेल तर तो अर्ज सोलरच्या किमान महिनाभर आधी टाका. थकबाकी असेल तर भरून टाका. तुमचा मंजूर भार बिलावर लिहिलेला असतो, तोही बघून ठेवा.

केंद्राची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ७५,०२१ कोटींची तरतूद आणि एक कोटी घरांचं उद्दिष्ट. अनुदान असं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे कितीही बसवा, ७८,००० च्या वर मिळत नाही. हे आकडे आले कुठून? सरकारने पहिल्या दोन किलोवॅटची किंमत प्रत्येकी ५०,००० धरली आणि तिच्या ६० टक्के दिले. तिसऱ्याची ४५,००० धरली आणि ४० टक्के दिले. बाजारातला भाव याहून थोडा चढा असतो, पण तुमच्या हातातलं कोटेशन याच्या दीडपट असेल तर कारण विचारायला हवं.

क्रम असा. पीएम सूर्यघर पोर्टलवर मोबाइल आणि ग्राहक क्रमांकाने नोंदणी करा. अर्ज भरला की वीज कंपनीची मंजुरी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाल्यापासून १० किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीची गरज उरलेली नाही. मग पोर्टलवरच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडा आणि त्याच्याशी लेखी करार करा. यादीबाहेरच्या माणसाकडून बसवलं तर अनुदान विसरा. काम झालं की नेट मीटरचा अर्ज, तपासणी, मीटर बसणं, कार्यान्वित झाल्याचा दाखला, आणि शेवटी पोर्टलवर बँक खात्याचा तपशील. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. ‘सबसिडी काढून देतो, पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कर्ज लागणार असेल तर याच पोर्टलवरून सरकारी बँकेकडे अर्ज जातो. तीन किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही आणि व्याजदर गृहकर्जाच्या आसपास असतो. विक्रेत्याने सुचवलेल्या खासगी फायनान्सच्या ‘शून्य व्याज’ योजनेत व्याज बहुधा किमतीतच मिसळलेलं असतं. रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव दोन्ही लेखी मागा, फरक तिथेच दिसेल.

कोटेशनमध्ये काय वाचायचं

किमान तीन विक्रेत्यांची कोटेशनं घ्या. नुसता ‘३ किलोवॅट, अमुक रुपये’ असा एका ओळीचा कागद म्हणजे कोटेशन नव्हे.

पॅनेल डीसीआर आहेत का, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले आहेत का, हे पहिलं विचारा. अनुदानाला ते बंधनकारक आहे. बसवताना प्रत्येक पॅनेलच्या मागचा अनुक्रमांक फोटो काढून ठेवा. हमी दोन प्रकारची असते. पंचवीस वर्षांची हमी उत्पादनाची असते, म्हणजे शेवटी ८० टक्क्यांच्या आसपास वीज मिळेल एवढी. पॅनेलच तडकलं किंवा आत ओल शिरली तर वेगळी, साधारण दहा-बारा वर्षांची वस्तूची हमी लागू होते. जाहिरातीत पहिलीच मोठ्या अक्षरात छापतात. या सगळ्यात सर्वात आधी बिघडतो तो इन्व्हर्टर, म्हणजे सगळ्या पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र, म्हणून त्याची हमी किती आणि सेवा केंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे का, हे विचारा.

अर्थिंग तीन स्वतंत्र खड्ड्यांचं हवं: डीसी बाजूचं (पॅनेल ते इन्व्हर्टर), एसी बाजूचं (इन्व्हर्टर ते घर) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. पैसे वाचवायला एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडणारे लोक आहेत. मराठवाडा-विदर्भात मान्सूनपूर्व पावसात विजा कशा पडतात ते आठवा आणि इथे हट्ट धरा.

जीएसटीही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बसवण्याच्या कामाचा १८ टक्के वेगळा असतो, आणि पूर्ण संचाच्या किमतीत ७० टक्के साहित्य, ३० टक्के काम धरतात. हिशेब केला तर एकूण कर ८.९ टक्के बसतो. जुन्या १३.८ टक्क्यांनी कोणी बिल लावत असेल तर थांबवा.

पैसे टप्प्याने द्या. माझ्या घरी मी शेवटचे १० टक्के नेट मीटर फिरायला लागेपर्यंत रोखून धरले होते. सांगाडा आणि पॅनेल दोन दिवसांत चढले, कागदपत्रांना मात्र कित्येक आठवडे लागले, आणि त्या दहा टक्क्यांमुळेच विक्रेत्याचा माणूस वीज कंपनीच्या कार्यालयात खेटे घालत राहिला.

वीज गेली की सोलर बंद, हे आधीच घरात सांगा

बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला संच लाइन गेली की भर उन्हातही बंद पडतो. हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर तुमच्या छपरावरची वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. भारनियमनाच्या भागात राहत असाल तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. खर्च बराच वाढतो. घरात आधीपासून साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर बहुतेकांना तेवढं पुरतं.

नेट मीटरचं वर्ष ३१ मार्चला संपतं

नेट मीटर आयात आणि निर्यात दोन्ही मोजतो. महिन्याला जादा गेलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. पण वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार हा हिशेब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला जमा खाते मोकळं होतं आणि उरलेले युनिट तुमच्या बिलाच्या दराने नाही, आयोगाने ठरवलेल्या कमी दराने विकत घेतले जातात.

आपल्या हवामानाशी हे जुळवून बघा. हिवाळ्यात आकाश स्वच्छ, पंखे बंद, युनिट साठतात. खरी गरज एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी खातं रिकामं होतं. म्हणून ‘हिवाळ्यातली वीज उन्हाळ्यात एसीला वापरू’ असं धरून मोठा संच घेऊ नका. उलट एप्रिल-मेमध्ये साठलेलं जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांना उपयोगी पडतं. कोकणात जुलैतलं उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, तेव्हा हाच साठा तारतो. मार्चमध्ये जमा दिसत असेल तर ती त्याच महिन्यात वापरा.

१ जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. सोलर नसलेल्यांनाही याचा फायदा आहे: पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, गाडीचं चार्जिंग दिवसा उरका.

दुकान, हॉटेल, कारखाना

व्यावसायिक जोडणीला केंद्राचं अनुदान नाही. तरीही सोलर सर्वात लवकर फिटतं ते इथेच, कारण दर चढे आणि वीज शुल्क घरगुतीच्या १६ ऐवजी २१ टक्के, शिवाय वापर दिवसाच. आयकरात सोलर संचावर ४० टक्के घसारा मिळतो. नफ्यात असलेल्या व्यवसायाला तो पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठा दिलासा ठरतो. सीएला आधी विचारा, यंत्र कोणत्या महिन्यात चालू झालं यावरही त्या वर्षीचा घसारा ठरतो.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, स्थिर आकार आणि डिमांड चार्जेस (विजेच्या मागणीवर लागणारा आकार) सोलरने कमी होत नाहीत. बिलातून ते वजा करून मगच बचत मोजा. दुसरं पॉवर फॅक्टरचं, म्हणजे लाइनवरून घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला येते त्या प्रमाणाचं. सोलर फक्त किलोवॅटची गरज भागवतं, मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी रिॲक्टिव्ह वीज अजून लाइनवरूनच येते. त्यामुळे मीटरवर पॉवर फॅक्टर खाली पडलेला दिसतो आणि केव्हीएएचवर (दोन्ही प्रकारची वीज धरून मोजलेल्या युनिटवर) बिल येणाऱ्याच्या बचतीतला काही भाग तिथेच जातो. एमआयडीसीतल्या कारखानदाराने सोलरबरोबरच पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल नव्याने तपासून घ्यावं.

टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर लागू असलेल्यांची निर्मिती आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा होते. जादा उरलेली संध्याकाळच्या महागड्या युनिटवर चढत नाही. संध्याकाळी गर्दी असणाऱ्या हॉटेलने संच दिवसाच्या वापराइतकाच ठेवावा. रविवारी बंद असणाऱ्या वर्कशॉपनेही सातवा दिवस हिशेबात धरावा.

भांडवल नसेल तर रेस्को पद्धत आहे: संच कंपनीचा, छप्पर तुमचं, तुम्ही युनिटमागे ठरलेला दर देता. पंधरा-वीस वर्षांचा करार असतो. दर दरवर्षी किती वाढेल आणि इमारत विकली तर काय, ही दोन कलमं वकिलाला दाखवा.

सोसायटी आणि गाव

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामायिक असते. सर्वात सोपा मार्ग म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरवर सोलर. सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० मिळतात, ५०० किलोवॅटपर्यंत. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करा, आणि गच्चीला गळती असेल तर वॉटरप्रूफिंग उरकूनच सांगाडा उभा करा.

गावात छपरापेक्षा मोठी संधी जमिनीत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरसाठी उपकेंद्राजवळच्या जागा भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा रेडीरेकनरच्या ६ टक्के यांतलं जे जास्त असेल ते, दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला उभा राहिला, तीन मेगावॅटचा. रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, आणि ती युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडत असल्याने बाकीच्या ग्राहकांवरचा शेतीच्या सवलतीचा बोजाही हलका होऊ शकतो. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी तर २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं.

बसल्यानंतर

धूळ हाच मोठा शत्रू. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने पुसा. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. बोअरचं क्षारयुक्त पाणी वाळलं की पांढरा थर बसतो, तो निघता निघत नाही. साखर कारखान्याजवळ राहत असाल तर गाळप हंगामात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी आठवड्यालाच पुसावी लागेल. पॅनेलवर पाय देऊन कोणी चढू नये. तडा डोळ्यांना दिसत नाही, उत्पादनात दिसतो. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर असते, ती मागून घ्या.

पहिलं नेट मीटरचं बिल आलं की आयात आणि निर्यातीचे आकडे मीटरच्या फोटोशी ताडून बघा. जमा युनिट पुढच्या बिलात आले का, तेही. चूक असेल तर आधी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्या, तिथे झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल. या मार्गाला वकील लागत नाही. दर महिन्याच्या १ तारखेचा मीटरचा फोटो आणि ३१ मार्चचा एक खास फोटो, एवढं जपून ठेवलं तर तुमच्या अर्जाला पुरावा म्हणून तेच पुरेल.